उज्ज्वलाची रिकामी फेरी

उज्ज्वला राठोड सायकलवर बसलेली दिसली की तांड्यातल्या बायांना आपल्या घरात काय काय संपलंय ते आठवायचं. "दिग्रसले जाऊनच राह्यली तं चहापत्ती आन वो," एक म्हणायची. दुसरी दळणाचा डबा कॅरिअरला बांधूनच मोकळी व्हायची. बिचारी निघायची तालमीला आणि दिसायची फेरीवाल्यासारखी.

तालीम सायकलवारीची होती. तांड्यातले काही जण सायकलवरून थेट कर्नाटकात, सेवालाल महाराजांच्या जन्मगावी जाणार होते. हे खूळ काढलं होतं तिच्या पुतण्याने, बबलूने, आणि अटही त्यानेच घातली होती. दिग्रसहून यवतमाळ गाठायचं आणि दिवेलागणीच्या आत परतायचं. ज्याला जमेल तो चालेल, कारण दमलेल्याला उचलायला मागे टेम्पो नव्हता.

उज्ज्वलाने चाळिशी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे. सायकल लेकीला शाळेतून मिळालेली. लेक सासरी गेली, सायकल राहिली. नवरा बादल म्हणाला, "जाय ना, पन कापूस वेचनं चुकवू नको." म्हणजे झुंजूमुंजू असताना सायकल हाकायची आणि मग दिवसभर कपाशीच्या पराटीत वाकायचं. रात्री जेवताना हातातला घास हातातच राहायचा आणि डोळे मिटायचे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत. त्यात लोकांची ओझी!

तरी तिला जायचं होतं. आजवर ती कामाशिवाय कुठे गेलीच नव्हती. माहेरी गेली ती बाळंतपणाला, यवतमाळला गेली ती सासऱ्याच्या दवाखान्याला. एकदा तरी नुसतं जायचं, कुणासाठी काही न नेता, न आणता. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाया हसल्या असत्या आणि हसता हसता आणखी दोन कामं सांगितली असती.

नाही म्हणायची मात्र तिला चोरी. सासू मानीबाई ओट्यावर बसून ऐकवायची, "आपले वाडवडील बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरले. गोराच्या, आपल्या बंजाऱ्याच्या, पाठीनं रिकामं चालू नये, पोरी." म्हातारी स्वतः ओट्यावरून हलत नव्हती, तिला बोलायला काय जातंय! पण भीड ही भिकेची बहीण. उज्ज्वला मान हलवायची आणि दोरी आवळायची.

पहिली परीक्षा तिथेच बुडाली. शेजारच्या रुपीबाईची लेक प्रियंका वाटेतल्या दारव्ह्याला वसतिगृहात शिकायला होती. तिच्यासाठी भाकरी आणि ठेच्याचा डबा दिलेला. पोरीने हात सोडला नाही, बोलत बसली. यवतमाळला कुणाची औषधं, कुणाच्या बांगड्या. परतायला रात्र पडली. बबलू वैतागला. "काकी, तुमी सायकल चालवता का पार्सल वाटता? पुढच्या रविवारी शेवटचा चान्स. मग मले काही म्हनू नका."

शनिवारी संध्याकाळी रुपीबाई डबा घेऊन आली. उज्ज्वलाने सारा जीव गोळा केला. "या बारी नाई नेत, ताई. थांबली का उशीर होते."

"बरं," रुपीबाई म्हणाली आणि डबा पदराखाली घेऊन निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी कॅरिअर मोकळं होतं. सायकल इतकी हलकी चालली की पहिल्या चढावर उज्ज्वलाला हसूच आलं. पण यवतमाळहून परतताना वारा समोरून सुटला आणि सगळं हसू जिरलं. मांड्या भरून आल्या, पाठ फाटायला लागली. दारव्ह्यात शिरली तेव्हा ऊन उतरलं होतं.

वसतिगृहाच्या फाटकाशी प्रियंका उभी होती. तिने लांबूनच ओळखलं. "काकी! ओ काकी!" करत ती कुंपणाच्या आतून सायकलसोबत धावायला लागली.

उज्ज्वलाने हँडलवर मान झुकवली आणि पायडल जोरात मारलं. थांबली असती तर या पायांनी पुन्हा सायकल धरली नसती, हे खरं होतं. पण तेवढं खरं पुरत नव्हतं, हेही तिला कळत होतं. कुंपण संपलं. हाक आणखी थोडी आली, मग बंद झाली. पुढच्या वाटेवर तिला स्वतःची लाज वाटत राहिली आणि तरी ती थांबली नाही.

दिवे लागायच्या आत ती तांड्यात पोचली. बबलूने टाळ्या वाजवल्या, नाव पक्कं झालं. तिला मात्र ओट्यावर चढवेना. पायरीवरच बसली, हुंदका यायलाही अंगात बळ नव्हतं.

तेवढ्यात रुपीबाई वाटीत कोमट तेल घेऊन आली. न विचारता तिचा पाय मांडीवर घेतला आणि पोटरी चोळायला लागली.

"झालं का वो तुह्यं?"

"झालं."

"मही पोरगी दिसली का कुठं?"

उज्ज्वलाने पदराने तोंडावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "नाई. नाई दिसली."

"बरं झालं माय," रुपीबाई म्हणाली. "दिसली असती तं तू थांबली असती, अन् तुह्यं जानं हुकलं असतं."

मग तिने दुसरा पाय मांडीवर घेतला.