पायरीखालचं गाऱ्हाणं

देवळाच्या सगळ्यात खालच्या पायरीच्याही खाली, तांबड्या मातीत, आम्हां दोघांना उभं केलं होतं. चपला आधीच काढायला लावल्या होत्या. नवऱ्याच्या गळ्यात ढोल, माझ्या हातात नारळ. नारळ मी कोणाच्या हातात द्यायचा नव्हता. खाली ठेवायचा आणि दोन पावलं मागे सरायचं. मी ठेवला, सरले. एकाने उतरून त्याच्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि वर नेऊन खोतांपुढे ठेवला. खोतांच्या मांडीशी एक छापील कागद फडफडत होता. तो उडू नये म्हणून त्यांनी आमचा नारळ त्याच्यावर ठेवला.

तो कागद माझ्या नवऱ्याच्या पासपोर्टचा होता.

गोवा सुटून तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. मी मालवणच्या बाजूला मिशनच्या एका दवाखान्यात नर्स होते. नवरा देवगडच्या बंदरात लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचा. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई विलायतेच्या. त्यांनीच एकदा सांगितलं, की तिकडे नर्सेस कमी पडतात, फिटरही कमी पडतात, आणि तिथलं सरकार नोकरीसाठी परवाना देतं. व्हाउचर म्हणतात त्याला. आम्ही दोन अर्ज पाठवले. माझं व्हाउचर आधी आलं, त्याचं नंतर पंधरा दिवसांनी. ते पंधरा दिवस आम्ही धड जेवलो नाही. दोन्ही आली तेव्हा नवऱ्याने दोन्ही पाकिटं एकावर एक ठेवून दोऱ्याने बांधली. म्हणाला, ही आता सुटायची नाहीत.

मग आमची तयारी सुरू झाली. आज त्याचं हसू येतं. त्याने मडगावहून एक जुना लोकरी कोट आणला, कुठल्यातरी बोटीवरच्या खलाशाचा. भर एप्रिलात तो अंगात घालून अंगणात फेऱ्या मारायचा. घामाने निथळत असायचा आणि मला विचारायचा, सायब दिसतंय मां? मी म्हणायची, सायब नाही, उकडलेला बटाटा दिसताय. त्याला मशीनच्या एकूण एक भागाचं इंग्रजी नाव येत होतं, पण 'मला भूक लागली आहे' म्हणता येत नव्हतं. ते मी शिकवलं. तिकडे गेल्यावर एक खोली घ्यायची, एका चुलीवर दोघांनी रांधायचं आणि कोणी जात विचारली तर समजलंच नाही असं दाखवायचं, असं आमचं ठरलं होतं. गावात जात सांगावी लागत नसे. वाडीचं नाव सांगितलं की समोरचा आपला पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवायचा.

पण पासपोर्टला हमी लागत होती. जमीनजुमला असलेल्या प्रतिष्ठित माणसाने लिहून द्यायचं, की ही माणसं सचोटीची आहेत, आणि परदेशात अडकली तर मी जबाबदार. माझ्या कागदावर डॉक्टरीणबाईंनी सही केली. नवऱ्याच्या कागदावर करेनात. दोनदा पाहिलेल्या माणसाची हमी मी कशी देऊ, म्हणाल्या. खोटं काही नव्हतं त्यात. पण त्याला तिसऱ्यांदा बघायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं. नवरा कणकवलीला एका वकिलाकडे गेला, बंदरातल्या मालकाकडे गेला. दोघांनी गावाचं नाव विचारलं, मग वाडीचं. मग दोघेही म्हणाले, तुमच्या खोतांची सही आणा.

खोती कायद्याने गेली होती. खोत गेले नव्हते. सरपंच तेच, शाळेच्या कमिटीवर तेच, देवळातला पहिला मान त्यांचाच. आम्हांला अंगणात उभं ठेवून ते फार गोड बोलले. त्या गोडव्याचीच मला आजही जास्त चीड येते. सही करतो म्हणाले, का नाही करणार, आपल्या गावची माणसं. पण एवढ्या लांब निघालात तर देवाला गाऱ्हाणं घातलं पाहिजे. जत्रा आलीच आहे. तुझा बाप जन्मभर जत्रेत ढोल वाजवत आला, तो गेल्यापासून ढोल खुंटीला आहे. यंदा तू गळ्यात घे. मग गाऱ्हाणं घालू, आणि तिथेच सही.

वाटेत नवरा म्हणाला, एका दिसाचो प्रश्न आसा. बाप मेल्यावर त्याने ढोलाला हात लावणार नाही असं ठरवलं होतं, हे मला माहीत होतं. त्याच्या बापाला जत्रा संपल्यावर उरलेला भात सुपात लांबून टाकत. ते त्याने लहानपणी पाहिलं होतं.

सासू मात्र हरखली. आमच्या वाडीतल्या कोणासाठी आजवर गाऱ्हाणं घातलं नव्हतं. वरच्या वाडीतली मुलं मुंबईला निघाली, कोणी बोटीवर चढला, की देवळात गाऱ्हाणं व्हायचं. मानकरी देवाला हाक मारून एकेक मागणं सांगतो, आणि जमलेले सगळे प्रत्येक मागण्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. आमची माणसं लांब कुंपणाशी उभी राहून दुसऱ्यांच्या मुलांसाठी 'होय म्हाराजा' म्हणत आली. आज ते आपल्या मुलासाठी होणार म्हणून सासूने लग्नातलं लुगडं काढलं. नारळ तिनेच निवडला, हलवून, कानाशी धरून.

तर आम्ही उभे होतो. नवऱ्याचा ढोल वाजवून झाला होता. चांगला वाजवला. हात विसरत नाहीत. खोत उठले, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या पायरेखालचो माणूस आज सायबाच्या मुलखाक चल्लो हा. वांगडा त्येची बायल आसा."

"होय म्हाराजा."

"त्येंका सुखान ने, सुखान माघारी हाड."

"होय म्हाराजा." सासूचा आवाज मला मागून वेगळा ऐकू आला. रडत होती ती.

"थंय पोटाक मिळांदे, पण माज येव नये. पायरेखालच्यान आपली पायरी इसरूक नये."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. नवरा म्हणाला. आणि मीही म्हणाले.

हे मला सांगायचं आहे, म्हणून हे सगळं लिहायला घेतलं. मीही म्हणाले. लहानपणापासून जिभेला वळणच ते. वरून आवाज थांबला, की खालून होय निघायचं. माझ्या तोंडून निघून गेल्यावर मला त्याचा अर्थ कळला. मी सुया टोचणारी, टाके घालणारी, शिकलेली बाई. आणि मी देवासमोर मागून घेतलं होतं, की आम्हांला आमची पायरी विसरता येऊ नये. कोणी चाबूक उगारला नव्हता. अंगभर लाज दाटली. खोतांची नाही, माझी.

खोत पुढे म्हणत होते, "माघारी येवन ह्येनी ढोल गळ्यात घेवक व्हयो. ह्येंका पोरां झाली तर त्येंकाय हीच जागा दी."

आमची पोरं. अजून झालीही नव्हती. त्यांची जागा तो माणूस ठरवत होता, आणि त्यांच्या आईबापांकडून होय म्हणवून घेत होता.

"नाय म्हाराजा," मी म्हणाले.

माझा आवाज काही मोठा नव्हता. पण सगळ्यांचं होय तोंडातच राहिलं. तिथे 'नाही' असं कधी कोणी म्हटलंच नव्हतं. त्याचं पुढे काय करतात हे कोणालाच माहीत नव्हतं. नवरा माझ्याकडे बघत होता. डोळ्यांनी म्हणत होता, आता तरी गप्प बस. मी पुन्हा म्हणाले, तेच.

खोत रागावले नाहीत. त्यांनी नारळ उचलून बाजूला ठेवला, कागदाची घडी घातली आणि तो खाली मातीत सोडला. "मगे ऱ्हवा हयच," एवढंच म्हणाले.

नवऱ्याने ढोल गळ्यातून काढून पायरीला टेकवला. मी कागद उचलला. दारात सासूने माझा हात धरला. "देवाक नाय म्हटलंस गो तू." मी म्हटलं, "देवाक नाय. खोताक म्हटलंय." तिला तो फरक कळला नाही. त्या दिवसापासून तिने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. ज्या बाईला जन्मभर गावाने पाणी लांबून वाढलं, तिने.

नवऱ्याने आणखी तीन दारं पाहिली. सही कुठेच झाली नाही, आणि त्याच्या व्हाउचरची मुदत संपली. त्या दिवशी त्याने पाकिटांचा दोरा सोडला. माझं पाकीट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "एक शबुद गिळूक व्हयो होतो. दोघांव गेलो असतो."

खरं आहे ते. मी याच्यावर कधी वाद घातला नाही. एक शब्द गिळला असता तर आज तो माझ्याशेजारी असता. मला हेही ठाऊक आहे, की तोच क्षण पुन्हा आला तर मी तेच म्हणेन. या दोन्ही गोष्टी मी एकाच छातीत घेऊन झोपते.

मालवणच्या बंदरात तो मला पोचवायला आला. ट्रंक त्याने डोक्यावरून आणली. पडावात बसताना म्हणाला, थंडीत जपून ऱ्हव. कोट घरीच राहिला होता. माझ्या मापाचा नव्हता.

आता मी इथे आहे त्याला चार वर्षं झाली. वॉर्डात गोऱ्या म्हाताऱ्यांची अंगं पुसते. त्यातले काही माझा हात झटकतात, आणि ते का झटकतात हे मला कोणी समजावून सांगावं लागत नाही. फिटरांचे परवाने आता जवळपास बंद झाले आहेत. नवऱ्याचं पत्र महिन्याला एक येतं, चारच ओळींचं. पावसाळा संपला की त्यात एक ओळ ठरलेली असते: कोटाला बुरशी आली होती, उन्हात घातला. ती ओळ वाचली की मी हॉस्टेलच्या न्हाणीघरात जाऊन नळ सोडते आणि रडते.

नवऱ्याचा तो कागद माझ्या ट्रंकेत आहे. घडीवर अजून तांबडी माती आहे. खालच्या बाजूला छापलंय: हमी देणाऱ्याचं नाव, त्याची स्थावर मालमत्ता, त्याची सही. तिन्ही जागा कोऱ्या आहेत.

खोत जमिनी विकताहेत असं मागच्या पत्रात होतं. मी जाणार आहे. जमीन घेणार आहे, आमच्या वाडीत नाही, वर, देवळाच्या वाटेवर. वाडीतलं कोणीही कागद घेऊन आलं की त्याला घरात घेईन, खुर्चीवर बसवीन, चहा देईन आणि त्याच्यासमोर सही करीन. पहिली सही नवऱ्याच्या कागदावर. तो कागद आता कुठल्याच कचेरीत चालणार नाही, मला माहीत आहे. तरी करणार.