पंधरा मिलिमीटरचा रुबाब

गुरुवारची सकाळ होती. कढईत पोहे परतायला घेतलेले, इराची एक वेणी घालून झालेली, दुसरी अर्धवट प्रेरणाच्या हातात, आणि अविनाश आरशासमोर कानामागचा पांढरा केस शोधण्यात गढलेला. नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली.

पार्सलवाला होता. खोकं चपलांच्या खोक्याएवढं, वजन मात्र वरवंट्याचं.

"मिक्सरचं भांडं आलं वाटते," म्हणत प्रेरणानं दातांनीच चिकटपट्टी तोडली. आत भांडं नव्हतं. ॲल्युमिनियमच्या चार जाड चकत्या होत्या, मधे मोठं भोक, भोवती बारकी बारकी भोकं.

"हे काय हो? कुकरच्या बुडाशी ठेवायच्या जाळ्या मागवल्या का तुम्ही?"

"हात नको लावू!" अविनाश आरसा सोडून धावला. "स्पेसर हायेत ते. चाक अन् गाडीच्या मधात बसवतात. चाक बाहेर सरकते त्यानं."

"कशाले सरकवायचं?"

"गाडी रुंद दिसते. रुबाब येते."

"अन् चालते का बरी?"

"चालण्याचा प्रश्न नाही हाय, प्रेरणा," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. पोहे तेवढ्यात खाली लागले.

अविनाश चिखलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात लिपिक. सोळा वर्षं तो बोनाफाईड सर्टिफिकेटच्या खिडकीमागे बसला आहे. खिडकीची जाळी अशी, की बाहेरच्याला त्याचा फक्त उजवा हात दिसतो, शिक्का मारणारा. बाजारात जुने विद्यार्थी भेटतात ते त्याला ओळखत नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूकही नाही. घरी तो भला माणूस. भाजीत मीठ कमी असलं तरी बोलत नाही, दूध स्वतः आणतो. पण धाड गावी, म्हणजे प्रेरणाच्या माहेरी, तो थोरला जावई असूनही कार्यात त्याच्या वाट्याला ठरलेलं काम यायचं: मंडपाच्या जनरेटरमध्ये डिझेल आहे का ते बघणं. धाकटा जावई धवल पुण्याचा इंजिनिअर. तो आपल्या उंच पांढऱ्या गाडीतून उतरला, की त्याच्यासाठी सोफ्यावरची उशी झटकली जाई. अविनाशला कोणी बस म्हणत नसे असं नाही. म्हणायचे, पण तो बसेपर्यंत जनरेटर बंद पडायचा.

म्हणून त्यानं गाडी घेतली. पुण्यातल्या कुणा डॉक्टरनं वापरून सोडलेली, तेरा वर्षांची, लालभडक, दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी स्पोर्ट्स कार. पुढे दोघं बसतात. मागच्या सीटवर इरा घडी घातलेल्या सतरंजीसारखी मावते. गल्लीतल्या पोरांनी दोन दिवस गाडीकडे पाहिलं, तिसऱ्या दिवशी तिच्यावर क्रिकेटचा स्टंप काढला. अविनाशच्या मनाला मात्र निराळंच लागलं होतं. चाकं आत दडल्यासारखी दिसतात, असं त्याला कुणीतरी मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये सांगितलं होतं. सांगणारा होता नाशिकचा. त्याच्याकडे स्वतःची गाडी नव्हती, मतं भरपूर होती.

पार्सल येण्याआधी पंधरा दिवस त्या ग्रुपवर त्याची चकत्यांच्या जाडीचीच चर्चा. पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. दहा भित्र्या लोकांसाठी. पंचवीसची चकती स्वतःचे बोल्ट घेऊन येते, पण मग चाक पत्र्याच्या बाहेर येतं आणि गाडी फेंगडी दिसते. पोरीसाठी स्थळ बघताना लोक एवढी चौकशी करत नाहीत. शेवटी शेजारच्या गवंड्याचा ओळंबा मागून आणला. तो चाकावरच्या पत्र्याच्या कडेला टांगला, इराची शाळेची पट्टी घेतली आणि अविनाश रस्त्यावर पालथा पडला. इरा आकडे वहीत लिहीत होती. ओळंबा आणि टायर यांच्यात जागा निघाली सतरा मिलिमीटर.

"पंधरा!" तो कपडे झटकत म्हणाला, आणि एखादं धरण बांधून झाल्यासारखा पाणी प्यायला.

प्रेरणा बी.एस्सी. झालेली. हाती आलेला छापील कागद वाचल्याशिवाय तिच्यानं राहवत नाही, मग तो वाणसामानाच्या पुडीचा का असेना. त्या गुरुवारी खोक्यातला कागदही तिनं वाचला. "अहो, यात लिहिलंय, एवढ्या जाड चकतीले चाकाचे स्टड, म्हणजे नट चढतो ते दांडे, लांब लावा. नाहीतर नटाले पकड राहत नाही."

"गॅरेजवाला पाहून घेईन ते."

"लांब स्टड मागवले का पण?"

"दहा दिवस लागतात त्याले. बारसं रविवारी हाय."

बारसं होतं तिच्या भावाच्या, ज्ञानेश्वरच्या मुलाचं. पाळण्यात जो निजणार होता त्याला चाकं आत आहेत की बाहेर याचं सोयरसुतक नव्हतं. पण धवल येणार होता.

शनिवारी संध्याकाळी अविनाश गॅरेजमधून आला तो शीळ घालत.

"ते लांब स्टड?" तिनं विचारलं.

"झालं म्हटलं ना सगळं."

सोळा वर्षांच्या संसारात 'झालं म्हटलं ना' याचा अर्थ कळायला हवा होता. पण दुसऱ्या दिवशीच्या झबल्या-टोपड्याची पिशवी भरायची होती, आणि तिनं ते सोडून दिलं.

रविवारी धाडला गाडी शिरली आणि खरोखरच लोकांनी मान वळवून बघितलं. अंगणात तिचे वडील रामराव उभे होते. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, पायात मातीनं माखलेल्या चपला. बैल घेताना फिरावं तशी त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. खाली वाकले. बाहेर आलेली चाकं बघितली. ट्रॅक्टरची चाकं आत-बाहेर करण्यात त्यांचा जन्म गेलेला; पिकाच्या ओळींचं अंतर बदललं की ते पान्यानं चाक सरकवणार.

"जवाई," ते गंभीरपणे म्हणाले, "चाकं तं बाहेर काढली. पेरायचं काय हाय? कपाशी, का सोयाबीन?"

अंगणात हशा पिकला. अविनाशचे कान गाडीच्या रंगाचे झाले. पण तेवढ्यात धवल पुढे आला, मोबाईल काढून फोटो घेतला आणि म्हणाला, "अविनाशराव, स्टान्स कडक झालाय हं गाडीचा!" स्टान्स म्हणजे काय, हे अंगणात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणूनच ते फार मोठं वाटलं. सोफ्यावर एक उशी झटकली गेली. जनरेटर दोनदा बंद पडला, दोन्ही वेळा ज्ञानेश्वर गेला. अविनाश धवलशेजारी बसून चाकाच्या मापांवर असा बोलला, की चहा थंड झाला तरी त्याला कळलं नाही. प्रेरणा स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. बावळटपणा आहे हे तिला दिसत होतं, तरी तिला बरं वाटलं. माणूस सोळा वर्षांत पहिल्यांदा जाळीच्या बाहेर दिसत होता.

निघायची वेळ झाली. प्रेरणाची आई, रुखमाबाई, लेकीला रिकामी पाठवत नाही. कुणी पाठवत नाही त्या घरी. गाडीच्या डिकीत पोतं चढलं: वीस किलो गहू, दहा किलो तुरीची डाळ. त्यावर दोन लाल भोपळे, शेंगदाण्याच्या तेलाची कॅन, कुरड्यांचा डबा. गाडीचं मागचं अंग खाली बसत गेलं. अविनाश, प्रेरणा, इरा आत बसले. सगळं घर निरोपाला उभं. गाडी दहा पावलं गेली, फाटकाजवळच्या खड्ड्यात मागचं चाक उतरलं, आणि पत्र्यावर टायर घासल्याचा असा आवाज आला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

अविनाशनं ओळंबा लावला होता, पट्टी लावली होती, आकडे वहीत उतरवले होते. गाडी रिकामी असताना. सासरचं पोतं मोजायचं राहिलं होतं.

तो उतरला, वाकून बघितलं, आणि जे बोलायला नको तेच सासूला बोलला. "मामी, पोतं राहू द्या. एस.टी.नं पाठवून द्याल."

रुखमाबाईंचा हात पदराखाली गेला. गहू रात्रीच निवडून ठेवलेला होता.

"मी सोडतो ना," धवल हसत पुढे झाला. "जरा वाकडी वाट होईल, पण आमच्या गाडीत जागाच जागा आहे."

प्रेरणानं दार उघडलं. "पोतं उतरलं तं मीबी उतरते," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मंग तुम्ही अन् तुमचा स्टान्स जा चिखलीले."

रामराव ट्रॅक्टरच्या पेटीतून पाना घेऊन आले. "घासते ते जाऊ द्या. मले पयले नट पाहू द्या." ते उकिडवे बसले, पाना लावला, एक हिसका दिला आणि मग नट बोटांनी फिरवायला लागले. मोठ्यानं मोजत. "एक. दोन. तीन." नट त्यांच्या तळव्यात पडला.

त्यांनी तो अविनाशसमोर धरला. "तीन आटे. ट्रॅक्टरचं चाक मी धा आटे धरल्याबिगर वावरात नेत नाही, अन् त्याच्यावर मी एकटा बसतो. तुमी माही लेक अन् नात तीन आट्यावर आणली?"

अविनाशनं नट बघितला. मग मागच्या काचेतून इरा दिसली, मांडीवर भोपळा घेऊन बसलेली. डिकीत न मावलेला तिसरा आजीनं तिच्याकडे दिला होता. लांब स्टडबद्दल गॅरेजवालाही बोलला होता, आणि त्यालाही यानं 'होईल हो' म्हटलं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण प्रेरणाला त्याच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं. तिनं नजर काढली नाही. काढावी असं तिला वाटलंही नाही.

"साडूबुवा, पुण्यात एक चांगला माणूस आहे स्टडसाठी," धवल म्हणाला.

ज्ञानेश्वरनं जॅक आणला. मागचं चाक उचललं गेलं. रामरावांनी चकती काढायला दुसऱ्या नटाला पाना लावला, तेव्हा अविनाश बारशासाठी घेतलेल्या कोऱ्या पँटीनिशी त्यांच्या बाजूला मातीत बसला. सगळं अंगण बघत होतं.

"मामा," तो म्हणाला, "पाना मले द्या."