हाक मारायची आणि थांबायचं नाही

सायकलीला रुंद टायर बसवून वर्ष होत आलं होतं, पण त्यांना साजेसा रस्ता मी अजून दाखवला नव्हता. पुण्याजवळच्या कच्च्या वाटासुद्धा आता रविवारी गाड्यांनी भरतात. एका संध्याकाळी नकाशा मोठा करत करत मी बीड जिल्ह्यात, धारूरवरच्या बालाघाटाच्या डोंगरात पोचले. तिथं मुरुमाच्या वाटांचं जाळं होतं आणि त्यातली एकही वाट कुठल्या मोठ्या रस्त्याला धड मिळत नव्हती. बीड माझं आजोळ नाही, सासरही नाही. नवऱ्यानं विचारलं, एकटीच का? मी म्हटलं, बोलावं लागणार नाही म्हणून. मी चेष्टेत म्हटलं होतं, पण तेव्हा ते खरंही होतं.

दिवाळी होऊन महिना झाला होता. चाकं काढून सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकली (तिचं भाडं वेगळं घेतात, आधीच ठरवून घ्या) आणि सकाळी तेलगावला उतरले. दोन्ही बाजूंना ऊस आणि वेचणीला आलेला कापूस. तिथून धारूरपर्यंत डांबरी रस्ता आहे, वाहनं आहेत, घाट दमवतो. ऊन चढायच्या आत वर पोचलेलं बरं. धारूरला पिठलं-भाकरी खाल्ली, पाणी भरून घेतलं. हॉटेलवाल्यानं सायकलीभोवती एक फेरी मारली आणि डोंगराकडं हात करून विचारलं, "तिकडं कावून चालल्यात? तिकडं आता माणूस न्हाई."

"माणूस न्हाई म्हनूनच चालल्या असतील," शेजारचे गृहस्थ चहा फुंकत म्हणाले. "शहरातल्या माणसाला माणूसच नको झालाय." सगळे हसले, मीही हसले.

गाव सुटल्यावर थोड्याच वेळात डांबर संपलं. पुढं जे होतं, त्यासाठीच मी आले होते. तांबूस मुरूम, मध्ये वाळलेल्या गवताची पट्टी, दोन्हीकडं सीताफळीची झुडपं, धावडा, बोरी. चढ अंगावर येत नाहीत, फक्त लांबत जातात. बाभळीच्या काट्यांचा मात्र सडा असतो, टायरमध्ये पंक्चर बुजवणारं सीलंट भरल्याशिवाय इकडं येऊ नका. पहिला तास मी सुखात होते. हॉर्न नाही, धूळ नाही, स्वतःच्या साखळीचा आवाज तेवढा. दुसऱ्या तासाला लक्षात आलं की आपण मागं वळून बघायला लागलोय. मागं कुणीच नव्हतं. पण ते दर वेळी खात्री करून घ्यावंसं वाटत होतं.

पहिली वस्ती लागली तेव्हा पाणी मागायला उतरले. पहिल्या घराला कुलूप, दुसऱ्याला कुलूप. सगळ्याच घरांना. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. पण प्रत्येक दारापुढचं अंगण झाडलेलं होतं, ताजं, खराट्याच्या रेघा दिसत होत्या. कुलपं बाहेरून लावलेली आणि अंगणं झाडलेली. मी पाणी न पिताच निघाले.

वाटेत शेळ्या घेऊन एक म्हातारे बप्पा भेटले. मला बघून त्यांनी आधी विचारलं की गाडी इकली काय बाई, म्हणून सायकलीवर? मग सांगितलं की समदे कोयत्यावर गेलेत, ऊस तोडायला, पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत. गुढीपाडव्याच्या आसपास परततील. तोवर म्हातारीकोतारी आणि शेळ्या. त्यांच्या वस्तीत तर ते स्वतः आणि एक गोदाआजी, एवढीच माणसं. उजेड कमी होत होता. ते म्हणाले, मुक्काम तिच्याकडंच करा.

गोदाआजी ओट्यावर बसल्या होत्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी विचारलं तसं त्यांनी मान हलवली आणि जे बोलल्या ते कुजबुजीत. मला वाटलं, आत कुणी निजलंय. पण त्यांचा घसाच बसला होता. पाणी दिलं, भाकरी टाकते म्हणाल्या, मग माझ्याकडं बघत राहिल्या.

"माय, तुझा आवाज चांगला हाय. एक काम करशील?"

काम असं होतं. तोडीला गेलेल्या माणसांना रोज दिवेलागणीला त्यांच्या दारात जाऊन हाक मारायची. नावानं. हाक मोडली की माणूस घरची वाट विसरतं, असं तिथं मानतात. आधी हे काम त्यांच्या सासूकडं होतं, आता त्यांच्याकडं. आणि दोन दिवस झाले, त्यांच्या गळ्यातून हाक निघत नव्हती. मी विचारलं, बप्पा का नाही मारत? आजी हसल्या. "त्याची हाक शेळ्यांची. घर बुजंल."

मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांची नातसून मनीषा पोटुशी, दिवस भरत आलेले, तरी नवऱ्याबरोबर टोळीत गेलेली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्याला कुणी नेत नाही. हाक बंद पडली त्याच दिवसापासून तिचा फोनही आलेला नव्हता.

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण नाही म्हणायला जागाच नव्हती.

आम्ही निघालो. प्रत्येक दारापुढं आजी कानात नाव सांगत, मी मोठ्यानं म्हणे. सुभाऽष. रुक्मिणेऽऽ. माझा आवाज कुलपावर आदळायचा, पत्र्याखालून आत जायचा आणि आतल्या रिकामेपणात किती तरी वेळ फिरत राहायचा. एका दारापुढं मी जरा रेंगाळले, तर आजींनी दंड धरून पुढं ओढलं.

"हाक मारायची आन् चालायचं. थांबायचं न्हाई."

"का?"

"जित्या माणसाची ओ हितवर येत न्हाई," त्या कुजबुजल्या. "आली, तर समजायचं माणूस वाट सोडून आलं."

शेवटचं दार मनीषाचं. मी हाक मारली. आजी पुढं गेल्या. आणि मी थांबले. मुद्दाम नाही, पाय निघाले नाहीत. काहीच ऐकू येऊ नये, एवढंच हवं होतं. आत काहीतरी पडलं. पितळेचं. गरगरत गेलं आणि भिंतीला लागून थांबलं.

आजींनी वळून पाहिलं. घरी आल्यावर त्यांनी भाकरी वाढली. बाजेवर पडल्या पडल्या मला समजत होतं की त्याही जाग्या आहेत.

उजाडताच मी त्यांचा बटणांचा फोन घेऊन माळावर निघाले, रेंज फक्त तिथंच येते. एरवी त्या चढाचं मी इथं कौतुक केलं असतं, रस्ता खरंच सुंदर आहे. मला त्यातलं काहीच आठवत नाही. मनीषाचा नंबर दोनदा लागलाच नाही. तिसऱ्यांदा उचलला गेला. बाईचा आवाज होता. माझा अनोळखी आवाज ऐकून तीच घाबरली.

"आजीचा फोन तुमच्याकडं कसा? आजी बोलत का न्हाईत? काय झालं आजीला?"

मी सांगितलं, घसा बसलाय, बाकी ठीक. पलीकडं ती रडायला लागली, आणि तिच्या रडण्यामागं आणखी एक बारीक रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती, सरकारी दवाखान्यात. फोनची बॅटरी संपली होती, इतकंच.

उतारावर मी ब्रेकच लावले नसतील. आजींनी ऐकलं, पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "तू थांबली व्हतीस काल."

मी मान हलवली. भांड्याचं सांगितलं. मांजर असेल, असंही म्हणाले. त्या उठल्या, जुडग्यातली किल्ली काढून मनीषाचं दार उघडलं. आत सारवलेली जमीन, गुंडाळलेलं अंथरूण, बंद खिडकी. मांजर यायला कुठं फट दिसली नाही. भिंतीपाशी एक तांब्या आडवा पडला होता. आजींनी तो उचलला, घासला, पाणी भरलं आणि उंबऱ्याच्या आत ठेवून पुन्हा कुलूप लावलं.

"मनीषा नव्हती ना," त्या म्हणाल्या. "मग कुनी का असंना. तहानलेलं व्हतं."

त्या दिवशी अंबाजोगाईवरून धर्मापुरीपर्यंत गेले, जुनं देऊळ पाहिलं, फोटो काढले. फोटो बरे आलेत.

घरी येऊन बरेच दिवस झाले. मनीषानं मुलीचा फोटो पाठवला आणि आजींना कंठ फुटल्याचं कळवलं. आता रोजच्या हाकांत बाळाचंही नाव आहे, अजून न पाहिलेल्या घराच्या दारात. गर्दी नसलेला रस्ता शोधत मी गेले होते. तो मोकळा का असतो, हे आता ठाऊक आहे, आणि तरीही पुन्हा जावंसं वाटतं. याचं काय करायचं, ते मला अजून उमगलेलं नाही.

बऱ्याच जणांनी वस्तीचं नाव विचारलंय. ते मी देणार नाही. पण या वाटा सगळ्यांच्या आहेत, तुम्ही जाल. दिवेलागणीला झाडीतून कुणा बाईच्या हाका ऐकू आल्या, तर घाबरू नका, पायडल मारत राहा. आणि योगायोगानं नाव तुमचं असलं, तरी ओ देऊ नका. तिथं कुणीतरी ती ओ न येण्याची वाट बघत असतं.