रेतीतली मासोळी

जमिनीच्या पोटातलं ऐकायचं असेल तर यंत्राचे कान तिखट करायचे की मंद? घाईनं उत्तर देऊ नका. मी दिलं होतं.

"तिखट," मी म्हणाले होते. वैनगंगेच्या कोरड्या पात्रात उभ्या असलेल्या भाऊंनी हेडफोन एका कानावरून सरकवला, मेटल डिटेक्टरचं बटण उलटं फिरवलं आणि म्हणाले, "पावर कमी कर, मंग खोल आयकू येते."

हे वाक्य ते दिवसातून दहादा म्हणत. नदीला म्हणत, यंत्राला म्हणत, आणि माझ्यासारख्या मोठ्यानं बोलणाऱ्यांना तर हटकून म्हणत.

आरमोरीजवळच्या त्या घाटावर मी रेती उपशाविरुद्धची पत्रकं वाटायला जायची. सरकारी कागदावर रेतीला 'गौण खनिज' म्हणतात. गौण कोणासाठी, असा सवाल आमच्या पत्रकाच्या डोक्यावर छापलेला असायचा. भाऊंनी पत्रक घेतलं, वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "बराबर लिवलं. आता थोडी बाजूले उभी राय. तुह्या चपलेत खिळा हाय, मशीन वरडते."

कोळसा खाणीत त्यांची नोकरी झाली. वाहत्या पट्ट्यावरच्या कोळशात लोखंडाचा तुकडा आला की पट्टा थांबवणारं एक यंत्र असतं. ते जुळवून ठेवणं हे त्यांचं काम. ते माजरीकडे क्वार्टरमध्ये आणि बायको इकडे गावात, शेतीवर. एका पावसाळ्यात भाताच्या रोवणीला निघालेल्या बायांचा डोंगा मधल्या धारेत उलटला. बाकीच्या बाया पुढच्या दोन दिवसांत सापडल्या. ही सापडली नाही.

त्यांच्या गावची एक रीत आहे. माणूस गेलं की गावाबाहेर पूर्वजांच्या दगडांत त्याचा दगड बसतो. पण नदीनं ठेवून घेतलेल्या माणसासाठी आधी त्याच्या अंगावरचं काहीतरी नदीतून घरी यावं लागतं. तोवर दगड बसत नाही. तोवर ते माणूस वाटेवरच आहे असं समजतात, आणि घरचे जेवताना दार लावत नाहीत.

भाऊंचं दार बावीस वर्षं उघडं होतं.

तिच्या पायात चांदीच्या मासोळ्या होत्या, माशाच्या घडणीची जोडवी. त्या दिवशी उजव्या पायाचं बोट सुजलेलं होतं म्हणून तिनं एक मासोळी घरीच काढून ठेवली होती. डावी नदीत गेली. घरी राहिलेली भाऊंच्या कंबरेच्या पिशवीत असे. रोज सकाळी ते ती रेतीत वीतभर खोल पुरत, वरून हात फिरवून जागा सपाट करत आणि यंत्राला ती ऐकू येईस्तोवर जुळवत बसत. मग उकरून काढत, धुवत, पुन्हा पिशवीत ठेवत. रोज पुरायची, रोज काढायची.

एकदा त्यांनी हेडफोन माझ्या कानावर ठेवला. पाण्याजवळ काळी रेती असते, तिच्यात लोखंडाचा अंश. पावर पूर्ण चढवलेली होती. कानात नुसता गलका. चिवचिव, कुजबुज, मध्येच हसल्यासारखं काहीतरी.

"बाया बोलून राह्यल्या," भाऊ शांतपणे म्हणाले. "बोलू दे त्याईले. आपल्याले एकीचंच आयकाचं हाय."

त्यांनी यंत्राची तबकडी चार-पाचदा खालीवर केली, यंत्राला ती जमीन ओळखू दिली. मग पावर उतरवत गेले. एकेक आवाज विझला. शेवटी इतकी शांतता झाली की मला माझाच श्वास ऐकू येऊ लागला. त्या शांततेत खालून, फार खालून, एक बारीक सूर आला.

"हो, आलो," भाऊ म्हणाले. माझ्याशी नाही.

आम्ही खणलं. ओली रेती कडेनं ढासळत होती. सूर होता तसाच होता, फक्त हातभर खाली गेला. आणखी खणलं, तो आणखी खाली गेला. ओल्या रेतीत जड वस्तू खणताना सरकते, हे मला ठाऊक आहे. तरी त्या दुपारी मी खड्ड्यातून आधी बाहेर आले.

घाटावरचे लोक त्यांची टर उडवत. "का गा भाऊ, हंडा भेटला का?"

"भेटला ना. झाकन उघडलं त आत तूच बसून होता. लावून देल्लं परत."

मग एका सकाळी मासोळी पुरायला रेतीच उरली नव्हती. रात्रीतून रेती उपशाच्या मशीननं पात्र उपसून नेलं होतं. जागेवर हिरवट पाण्याचा डोह. भाऊ ट्रॅक्टरवाल्याकडे गेले. मला वाटलं, आता भांडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "रेती कुठी गेली गा?"

"कुठी कुठी सांगू भाऊ? पार पोंभुर्ण्यापर्यंत गेली."

त्या दिवसापासून ते रेतीच्या मागे निघाले. बांधकामांवरचे ढीग, नवी अंगणं, ओटे. लोक वेडा म्हणत, पण आत येऊ देत. फिरत फिरत ते आमच्या घरी आले. बाबांनी नवी ओसरी बांधली होती. रेती कुठून आणली, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. पत्रकं मात्र त्याच ओसरीवर बसून लिहिली होती.

कोब्यात सळ्या नव्हत्या. भाऊंनी तबकडी फरशीला टेकवून सावकाश फिरवली. आई सूप घेऊन बसते त्या कोपऱ्यात सूर आला. त्यांनी पिशवीतली मासोळी काढून शेजारी ठेवली. यंत्राच्या काट्यावर दोन्हींना तोच आकडा. दोनदा, तीनदा, तोच.

बाबाच म्हणाले, "फोडा, भाऊ."

छिन्नी त्यांनी कोणाला दिली नाही. चार बोटं खोलीवर सिमेंटमध्ये रुतलेलं चांदीचं जोडवं निघालं. भाऊंनी ते अंगठ्यानं पुसलं. साध्या वेढ्याचं जोडवं होतं, मासा नव्हता.

"हे तिचं नाई," ते म्हणाले. मग मला विचारलं, "मंग कोनाचं हाय व हे?"

ते जोडवं घेऊन ते नदीकाठच्या गावागावांत फिरले. मी दोन दिवस सोबत होते. प्रत्येक गावात कोणीतरी म्हणे, आमची एक गेली होती. म्हाताऱ्या बाया जोडवं हातात घेत, उजेडात धरत, बोटानं चाचपत, आणि हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत. परत देताना मात्र पदरानं पुसून देत.

या हिवाळ्यात भाऊ तापानं गेले. त्यांचा दगड बसला. शेजारची एक दगडाएवढी जागा गावानं तिच्यासाठी झाडून मोकळी ठेवली आहे. घरात आता कोणी नाही, तरी शेजारी सांजेला जाऊन दार ढकलून उघडं करून येतात.

म्हणून तुम्हाला एक सांगते, आणि ही पत्रकातली घोषणा नाही. घर बांधताना रेती चाळाल. चाळणीवर शिंपले, खडे उरतील; मजूर ते फेकायला निघतील. त्यांना थांबवा. हातानं चिवडून बघा. चांदीची मासोळी दिसली तर या घाटावर घेऊन या आणि झाडलेली जागा कुठे आहे ते विचारा, कोणीही दाखवेल. आणि मासोळी नसून दुसरंच काही निघालं, तर तेही फेकू नका. तुमची रेती ज्या घाटावरून आली, त्याच्या वरच्या अंगाला नदीकाठी जे पहिलं गाव असेल, तिथल्या बायांच्या हातात नेऊन द्या.