ऐकायचं राहून गेलं

गाडीतले नको असलेले आवाज शोधून काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला आल्यापासून तेच करतोय. नवी गाडी ट्रॅकवर पळवायची आणि डॅशबोर्डच्या आत नेमकं कुठे काय कुरकुरतंय ते सांगायचं. यंत्रं असतात, मायक्रोफोन असतात, तरी शेवटी माणसाचा कान लागतोच, आणि आमच्या ग्रुपमध्ये बरीच वर्षं तो कान माझा होता. मागच्या हिवाळ्यात एका गाडीतली बारीक शिट्टी नव्याने लागलेल्या मुलीला ऐकू आली आणि मला आली नाही. मी म्हटलं, वारा असेल. वारा नव्हता.

कानाच्या डॉक्टरणीने आलेख दाखवला. खालचे सूर ठीक, वरचे घसरलेले, उजव्या कानात तर जवळजवळ नाहीतच. गेलेलं परत येणार नाही, म्हणाली. हिअरिंग एडने समोरच्याचं बोलणं बऱ्यापैकी कळेल, गाण्याची मात्र फार आशा धरू नका. हे सगळं ती हसतमुखाने सांगत होती. मला तिचा इतका राग आला की खाली पार्किंगमध्ये येऊन मी माझ्याच गाडीचं दार दोन-तीनदा आपटलं.

एवढ्यात आपल्या मुलीला सांगायचं नाही, असं मी बायकोला बजावलं. कारण त्याच आठवड्यात मुलीने कॉलेजातून फोन करून सांगितलं होतं की जुलैतल्या फेस्टिवलची दोन तिकिटं काढली आहेत, तिचं आणि माझं. एकाच संध्याकाळी, लागोपाठ, माझे दोन्ही लाडके बँड. फेस्टिवल झाल्यावर सांगू, मी म्हणालो.

"तुझं सगळं कशाच्या तरी नंतर असतं," बायको म्हणाली.

खोटं नव्हतं ते. हे दोन बँड मला नागपूरच्या हॉस्टेलवर भेटले. एका सीनियरची कॅसेट, तिची कॉपी, कॉपीची कॉपी, गाण्याइतकीच खरखर. अमेरिकेला आलो तेव्हा वाटलं, आता काय, समोर उभं राहून ऐकू. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांतला एक बँड डेट्रॉइटजवळ आला. मी गेलो नाही. प्रोजेक्ट कधी संपेल याचा भरवसा नव्हता, उगाच उधळेपणा कशाला. मग ग्रीन कार्डाच्या रांगेत लागलो आणि रांगच आयुष्य झाली. घरोघरचे पदार्थ आणून एकत्र जेवणाऱ्या आमच्या पॉटलकच्या कंपूत नवा सोफासुद्धा ग्रीन कार्ड झाल्यावर घेऊ म्हणणारी माणसं होती, आणि त्यांना कुणी हसत नसे. बँड येत राहिले. एकदा तर तिकिटं हातात होती, पण वकिलाने कागद मागितले म्हणून तीही कॅन्सल केली. कागद शोधायला जेमतेम अर्धा तास लागला होता. ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं माझी आई म्हणते. मी ते नेहमी दुसऱ्यांबद्दल समजत आलो.

मुलगी मात्र ही गाणी मागच्या सीटवर बसून ऐकत वाढली. मराठी शाळा, स्विमिंग, डेंटिस्ट, कुठेही जाताना तेच. एका गाण्यात सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि एकटी गिटार येते. पहिला सूर लागायच्या आधी तारेवरून बोट सरकल्याचा अगदी बारीक आवाज होतो. ती सहा-सात वर्षांची असताना मी गाडी कडेला घेऊन तिला तो ऐकवला होता. याला कान लागतात, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. त्यानंतर ती जागा आली की ती आरशातून माझ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे. आम्हा दोघांचं एवढं एकच गुपित होतं.

फेस्टिवल तळ्याकाठच्या मैदानावर होता. भर दुपारचं ऊन, सनस्क्रीनचा वास, लेमोनेडची रांग, आणि माझ्या वयाचे टकले लोक माझ्यासारखीच घडीची खुर्ची काखेत मारून आलेले. हिअरिंग एड मी गाडीतच ठेवले. तिला दिसायला नकोत हे एक, आणि गर्दीत त्यांतून नुसती भांडी पडल्यासारखा आवाज येतो हे दुसरं. आत शिरताना तिने खिशातून फोमचे इअरप्लग काढले आणि मला दिले.

"बाबा, प्रोटेक्ट युअर इअर्स."

मी नको म्हटलं. आयुष्यभर थांबलोय, आता कान झाकून ऐकू होय, असंही म्हटलं. ती हसली.

पहिला बँड आला. गायक स्टुलावर बसून गात होता, केस पांढरे झालेले. ड्रम माझ्या छातीत येत होता, बासही येत होता. गाणं पहिल्या ठोक्यालाच ओळखलं आणि मी मान डोलवायला लागलो. दोन गाणी मी अगदी खूश होतो. तिसऱ्याला लक्षात आलं की मी ऐकतोय ती माझी जुनी कॅसेटच आहे. सूर मीच भरत होतो, शब्द मीच भरत होतो. समोरची माणसं नुसती तोंडं हलवत होती. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी मला कळलं नसतं. तीस वर्षं ज्यांच्यासाठी जीव टाकला ती माणसं हाकेच्या अंतरावर होती आणि मी तिथे नव्हतो. तिथून पळून जावंसं वाटलं. पण लेक शेजारी उड्या मारत होती, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या बँडने ते गाणं शेवटाकडे घेतलं. वाद्यं थांबली, तेवढं मला कळलं. मी डोळे मिटले. अख्खा जीव कानात आणून उभा राहिलो. एक जाडसर घरघर तेवढी आली, तळ्यापलीकडून ट्रक गेल्यासारखी. मी तीच गिटार असं ठरवलं आणि तिच्यावर माझी कॅसेट चढवली. डोळे उघडले तेव्हा मुलगी माझ्याकडे बघत होती, डोळ्यांत पाणी. त्या आरशातल्यासारखंच बघत्येय, असं मला वाटलं.

"अप्रतिम," मी म्हणालो. "ते बोट सरकलेलं ऐकलंस ना? काय वाजवलं यार त्याने."

तिचा चेहरा उतरला. ती माझ्या डाव्या, त्यातल्या त्यात बऱ्या कानाच्या बाजूला आली. तिला नक्की कशावरून कळलं, देव जाणे.

"बाबा, ही डिडन्ट प्ले इट."

त्याची बोटं आता चालत नाहीत म्हणे. त्याने गिटार नुसती वर धरली, आणि ती जागा सगळ्या मैदानाने गाऊन काढली. हजारो माणसं. "आय वॉज सिंगिंग टू," ती म्हणाली. "राइट नेक्स्ट टू यू."

वारा होता, गर्दी होती, असं काहीबाही बोललो. तिने आईला माहीत आहे का विचारलं. मी हो म्हटलं. किती दिवसांपासून, असं विचारल्यावर पुढचं गाणं सुरू झालंय असं मी बोटाने दाखवलं. राहिलेली गाणी मी खुर्चीत बसून स्टेजकडे बघत काढली आणि ती माझ्याकडे बघत.

लोक उठायला लागले तशी ती माझ्यासमोर येऊन वाकली. नागपूरला माझ्या आईशी ती फोनवर जशी बोलते तशी, मराठीत, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा. आता. घरी. जाऊ या." आई ऐंशीच्या पुढची आहे. शेजारच्या बाईने वळून आमच्याकडे पाहिलं. मी शहाण्यासारखी मान हलवली, उठून खुर्ची मिटली, आणि मुलीने ती माझ्या हातातून काढून घेतली.