स्प्रिंगांचा डबा

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षरही वेडंवाकडं येईल, त्याबद्दल हे कोणाच्या हाती लागलंच तर त्याने राग धरू नये. चौथीनंतर शाळा सुटली आणि मग पेन हातात आलं ते किराण्याच्या यादीपुरतं. पण ही गोष्ट मला तोंडाने सांगता येत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसाच बसतो. आणि आत ठेवावी तर ती राहत नाही.

माझी मुलगी कॉलेजात शिकते आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवते. गिटारचा आवाज मोठा करायला अँप लागतो, म्हणजे पेटीसारखा एक जड स्पीकर. तो ती दर वेळी कोणाकडून तरी मागून आणायची. हे सरकारी ऑफिसात शिपाई आहेत. ह्यांचे साहेब मराठीच, आणि इथे दिल्लीत द्वारकेतच आमच्यापासून जवळ राहतात. त्यांच्या मुलाला आपला जुना अँप विकायचा होता, म्हणून आम्ही तिघं बघायला गेलो.

मुलाने वाजवून दाखवला. एक तार छेडली की आवाज लांब जाऊन परत यायचा, खोल विहिरीत हाक मारावी तसा. साहेब खुर्चीत बसून मान डोलवत होते. निघताना त्या मुलाने मला वाकून नमस्कार केला. म्हणाला, "मावशी, तुमच्याकडून जास्त कसे घेऊ?" आणि हजार रुपये कमी केले. साड्यांना फॉल-पिको करून साठवलेले अठरा हजार मी त्याच्या हातात ठेवले. मला तर वाटलं, असा मुलगा कोणाच्या पोटी येतो.

घरी आणल्यावर मी आधी अँप पुसून घेतला. कपडा ओला होता, पण घट्ट पिळलेला. संध्याकाळी मुलीने तो लावला. गिटार नीट वाजली, पण आवाज घुमेना. त्यासाठी एक वेगळं बटण असतं, ते तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. काही फरक नाही.

"आई, तू पुसलंस का हे?"

मी हो म्हटलं.

"ओल्या कपड्याने? यार आई!"

मुलगी त्याला रिव्हर्ब म्हणते. दिल्लीत वाढलेली, तिला मराठी शब्द सुचेना. मी म्हटलं, घुमणं. मग आमच्या घरात "घुमणं बंद पडलंय" हेच सुरू झालं. हे म्हणाले, साहेबांच्या घरची वस्तू आहे, तिथे चालत होती, इथे येऊन बिघडली, म्हणजे कोणी बिघडवली ते सांगायला नको. मलाही ते पटलं. माझ्याच हाताने माझेच पैसे पाण्यात घातले, असं मनात घेऊन मी वावरत होते.

मुलीने करोल बागेतल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, पहले टंकी देखो. हे पेपर बाजूला करून म्हणाले, "त्याला टाकी पण असते? मग तुझ्या आईनं पाणी बरोबर जागी घातलं." मुलगी हसली. मीही हसले, पण मला ते लागलं.

टंकी म्हणजे स्प्रिंगांचा डबा. मुलीने मला समजावून सांगितलं: अँपच्या तळाशी पत्र्याचा एक लांबट डबा असतो, त्यात स्प्रिंगा ताणलेल्या असतात. आवाज एका टोकाने आत जातो, स्प्रिंगांमधून थरथरत जाऊन दुसऱ्या टोकाने बाहेर येतो, म्हणून घुमतो. अँप चालू असताना हलवला तर स्प्रिंगा एकमेकींवर आपटून ढग गडगडल्यासारखा आवाज यायला हवा. आम्ही दोघींनी मिळून हलवला. काही नाही. मग तिने डब्यातून बाहेर येणारी वायर उपटली आणि तिच्या टोकाला बोट लावलं, तर स्पीकरमधून मोठ्याने गुंईं असा आवाज आला. "म्हणजे वायरच्या पुढचं सगळं ठीक आहे," ती म्हणाली, "गडबड डब्यातच आहे." तिने प्लग काढला, मला आत हात घालायचा नाही म्हणून बजावलं आणि डबा बाहेर घेतला.

काळ्या रेक्झिनच्या पिशवीत होता. पाणी तिथपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, पिशवीवर जुनी धूळ तशीच होती. मी टॉर्च धरला. तिने झाकण काढलं.

आत काहीच नव्हतं.

दोन टोकांना स्प्रिंगा अडकवायचे बारीक आकडे होते आणि मधे रिकामा पत्रा. मी टॉर्च आणखी जवळ नेला. स्प्रिंगाच नाहीत तर त्या दिवशी घुमलं काय? मग मुलगी हळूच म्हणाली, "आई, त्याच्या पायाशी एक छोटी डबी होती, आठवतं? गिटारची वायर त्यातून जात होती. घुमणं त्या डबीचं होतं."

मला आधी रागच आला नाही. मला तो वाकलेला मुलगा दिसत होता आणि दोन्ही गोष्टी एका माणसाच्या आहेत हे डोक्यात शिरत नव्हतं.

हे तर पांढरेफटक पडले. साहेबांकडे काही बोलायचं नाही, बदली लिहून देतील, म्हणाले. मुलगी जाऊन भांडायला तयार. ती गेली असती तर ह्यांचं ऑफिसात उभं राहणं कठीण झालं असतं, आणि कोणीच गेलं नाही तर पैसे बुडाले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघंही घरी नसताना मी अँप तसाच ठेवला आणि डबा कापडी पिशवीत घातला. त्यांच्या दारापर्यंत गेले आणि जिन्यातून परत खाली आले. पुन्हा वर गेले.

सुट्टीचा दिवस होता, त्यामुळे साहेब, मॅडम, मुलगा, सगळे घरात. मॅडमनी बसा म्हटलं. मी उभीच राहिले. डबा टीपॉयवर ठेवला आणि झाकण काढलं. साहेबांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, हे काय?

"यात स्प्रिंगा असतात, साहेब. आम्हाला दिला तेव्हाच नव्हत्या."

एवढंच बोलले. आवाज माझाच होता यावर माझा विश्वास बसेना.

मुलगा हिंदीत म्हणाला, मुझे क्या पता. साहेब म्हणाले, "अरे, पण त्या दिवशी मी इथेच बसलो होतो. चांगला घुमत होता." बोलता बोलता ते थांबले. त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या त्या छोट्या डबीकडे गेलं होतं. मग मुलगा खाली बघत म्हणाला, स्प्रिंगा तुटल्या होत्या, काढून टाकल्या, सांगितलं असतं तर कोणी घेतला नसता.

साहेबांचा चेहरा मला बघवेना. ते पाकीट आणायला उठले. मॅडमनी त्यांना बसवलं. "तुम्ही नाही. तो देईल. त्याच्या पगारातून." मुलगा मानेसरला एका कारखान्यात नुकताच लागला होता. मॅडमनी चहा ठेवते म्हटलं, पण स्वयंपाकघरात गेल्या त्या आल्याच नाहीत. मी डबा उचलला आणि निघाले.

संध्याकाळी मी दोघांनाही सगळं सांगितलं. ऑफिसात साहेब त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. ह्यांची बदलीही झाली नाही. फक्त आता हे चहा घेऊन गेले की साहेब फाईलमधून मान वर काढत नाहीत, असं हे सांगतात.

दर पगाराला थोडे थोडे पैसे येत गेले. शेवटचे द्यायला तो मुलगा स्वतः आला, अँपही न्यायचा होता. या वेळी वाकला नाही. नोटा पुढे करून म्हणाला, "मावशी, मोजून घ्या." असं कोणी म्हटलं की आपण असू दे म्हणतो, मीही आयुष्यभर तेच म्हणत आले. त्या दिवशी मी दारात उभी राहून, त्याच्या देखत, एक एक नोट मोजली. आधीचे धरून अठरा हजार पूर्ण झाले.