सेफ मोडमधला फोटो

आमच्या मूल गावच्या राईस मिलकडून कोंड्याचा वास आला की माझ्या फोटो स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर आठवतो. स्क्रीन चालवणारं नवं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, टाकल्यापासून तो सुरू होता होताच बंद पडायचा. त्या दिवशी शांताबाई समोर बसल्या होत्या. मिलमध्ये हमाली करणारा त्यांचा नवरा वारला होता आणि तेरवीला लावायचा त्याचा एकुलता एक फोटो त्या कॉम्प्युटरमध्ये अडकला होता.

सेफ मोडमध्ये, म्हणजे त्या ड्रायव्हरशिवाय, कॉम्प्युटर उघडला, पण फोटो भुरकट दिसला. मग जुना ड्रायव्हर टाकल्यावर तो लख्ख आला.

“मगाचाच बरा होता बाई,” त्या म्हणाल्या. “हे कोंड्यानं माखून घरी आले का तसेच दिसत.”

तो भुरकटपणा फक्त स्क्रीनवरचा, तसा फोटो छापता येत नव्हता. लख्खच छापून दिला. मग कॉम्प्युटर पुन्हा सेफ मोडमध्ये लावला, तोच फोटो उघडला आणि माझी खुर्ची त्यांना दिली.